चीनचे कन्फ्यूशियन पंडित आणि कोल्हापुरातनं पीएचडी : सुरुवात कुठनं करू?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसायचं असेल तर आधी हसून घ्या आणि मग उत्तर द्या.

इतिहासात एमए झालंय, गेल्या वर्षी नेट निघाली, आता पीएचडीचं बघतोय. डोक्यात बसलेला विषय म्हणजे चीनमधले कन्फ्यूशियन पंडित आणि त्यांची साहित्य संस्कृती, मिंग आणि चिंग काळ, म्हणजे १३६८ ते १९१२. हे खूळ कुठनं आलं तर वू जिंगझी म्हणून १८व्या शतकातला एक लेखक, त्याची पंडितांची टर उडवणारी कादंबरी इंग्रजीत हाताला लागली, सुट्टीत सहज वाचायला घेतली आणि मग सुटलीच नाही. त्यात फान जिन नावाचा एक म्हातारा होत आलेला गडी आयुष्यभर सरकारी नोकरीच्या परीक्षा देत असतो, घरात खायला दाणा नाही, कोंबडी विकायला बाजारात उभा असतो आणि तिथंच कळतं की आपण प्रांताच्या परीक्षेत पास झालो. हा टाळ्या पिटत चिखलात पडतो, वेडाच होतो. मग लोक त्याच्या सासऱ्याला बोलावतात, सासरा खाटीक, ज्याला हा आजवर घाबरत आला. सासरा दारू पिऊन धीर गोळा करतो आणि एक कानाखाली देतो, जावई ताळ्यावर येतो. पण सासऱ्याचाच हात आखडतो, त्याला वाटतं पास झालेला जावई म्हणजे साक्षात विद्येचा तारा, त्याच्यावर हात उचलला म्हणून शिक्षा झाली, आणि तो वैद्याकडं लेप मागतो. तो लेप मागायचा प्रसंग वाचून मी ठरवलं, विषय हाच.

आता अडचण. एका गाईडना भेटलो. त्यांनी चहा पाजला आणि शांतपणे म्हणाले, बाळ, चीन राहू दे, करवीर संस्थानातली एखादी पेठ घे, कागदं इथंच आहेत, चार वर्षांत मोकळा होशील. ते चुकीचं बोलले असं म्हणवत नाही. पण मन काही तिकडं वळंना.

तर सांगा की, चिनी भाषा किती लागेल? मार्गदर्शक कुठं मिळेल? आणि विषय लई मोठा झालाय का? घरी वडिलांना अजून सांगितलेलं नाही, त्यांना वाटतंय मी कॉलेजवर लागायचं बघतोय.

तांबडा_रस्सा_९६

भावा नाद खुळा विषय. मी इतिहासातला न्हाय पण तुझा त्यो फान जिन मला लगीच कळला कारण मी राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत चौथं वरीस बसलोय. एमपीएससी. शेजारच्या खुर्चीवर सहावं वरीस चाललेला बसतोय, त्येच्या शेजारी कोण बसतं ते सांगत न्हाय. तिकडं पण वयाची अट नव्हती का? आणि सिलॅबस काय हुता? आणि महत्त्वाचं म्हंजे गाईडं मिळायची का बाजारात?

पंचगंगा_पूर_१९

चीनचा माल टिकत नाही, पीएचडी पण टिकणार नाही. जोक होता, रागवू नका. खरं सांगायचं तर तुमच्या गाईडचं ऐका.

गडहिंग्लजची_मैना

मी मूळची गडहिंग्लजची, दिल्लीत चायनीजमध्ये एमए केलं, आता भाषांतराची कामं करते. म्हणून थोडं लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी भाषा, कारण बाकी सगळं तिच्यावर अडतं. आजची चिनी शिकायला रोज बसलं तर दोन-तीन वर्षं धरा. पण तेवढ्यानं तुमचे पंडित वाचता येणार नाहीत, ते ज्या भाषेत लिहायचे ती वेनयान, म्हणजे जुनी ग्रंथभाषा. पेपर वाचता येतो म्हणून ज्ञानेश्वरी कळत नाही ना, तसंच. वर जुन्या छापील पुस्तकांत विरामचिन्हं बहुतेक नसतातच, वाक्य कुठं संपलं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. मोडी वाचलेल्या माणसाला याचं काही वाटणार नाही, तुम्ही कोल्हापुरात मोडी शिकला असाल तर डोळ्याला ती सवय आहे असं समजा. आणि अक्षरं जुन्या वळणाची शिका, सोपी केलेली नंतर येतात आपोआप.

कुठं शिकायचं? जेएनयूत चिनीचं केंद्र आहे, दिल्ली विद्यापीठात पूर्व आशिया अभ्यासाचा विभाग आहे, आणि शांतिनिकेतनात चीना भवन आहे, १९३७ साली तान युन-शान यांनी टागोरांच्या पाठबळावर उभं केलेलं. पीएचडीसाठी कोल्हापूर सोडावं लागेल, हे कडू आहे पण आत्ताच ऐका.

तोवर घरी बसून एक करता येईल. जेम्स लेग नावाच्या मिशनऱ्यानं १९व्या शतकात कन्फ्यूशियसचे संवाद, त्याच्याच परंपरेतल्या मेन्शियसचा ग्रंथ वगैरे इंग्रजीत आणले, त्याच्या छापील पानावर वर चिनी मजकूर, मधे इंग्रजी, खाली बारीक टाइपात टिपा. इंग्रजी जुनाट आहे पण नेटवर फुकट मिळतं आणि रोज चार ओळी लावता येतात. याच ग्रंथांवर परीक्षा व्हायची म्हणून तुम्हाला ते टाळता येणारच नाहीत. शिवाय मूळ मजकूर हवा तर चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट, आणि कोण माणूस कुठल्या गावचा, कोणत्या साली पास झाला, कोणाचा चेला हे बघायला हार्वर्डचा चरित्रांचा डेटाबेस, दोन्ही फुकट.

आणि हो, उच्चार. पुढं तुम्ही फू सोंगलिंगवर येणारच, प्रत्येक जण येतो. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग बघून मराठीत पू लिहू नका हो. चिनी प हा आपला फ सारखा, श्वास सोडून. चिंग सुद्धा खरं तर छिंग आहे, पण ते आता रुळलंय तर राहू दे.

विषय मोठा आहे का? विषय नाहीच आहे अजून. साडेपाचशे वर्षं आणि लाखो माणसं याला विषय म्हणत नाहीत. एक माणूस घ्या, नाहीतर एक पुस्तक, नाहीतर एका शहरातली वीस वर्षं.

निवृत्त_मास्तर_मंगळवारपेठ

मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, चीनचं वाचन जुजबी, तरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या गाईडांनी पेठ घे म्हटलं, मी म्हणतो पन्हाळा घ्या. चेष्टा नाही. मोरोपंत पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मले, १७९४ला गेले. त्याच काळात तिकडं नानजिंगला युआन मेई म्हणून कवी बाग करून राहत होता, १७१६ ते १७९८, नोकरी लवकर सोडलेला, कवितेवर आणि खाण्यावर लिहिणारा, बायकांना शिष्या करून घेणारा. पंतांनी १०८ रामायणं लिहिली, त्यात एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठ लागणारं अक्षर वापरायचंच नाही. प, ब, म वर्ज्य आणि कथा रामाची! आता तिकडची परीक्षेतली ती आठ पायांची निबंध पद्धत बघा, विषय दोन ओळींत फोडायचा, मग समांतर जोड्या, शब्दाला शब्द आणि वजनाला वजन. आपण पंतांच्या त्या कसरतीला नाकं मुरडतो, चिनी लोकही १७व्या शतकापासून त्या निबंधाला नाकं मुरडत आले. पण बंधनात लिहायची जी एक नशा असते ती ज्यानं आर्या रचायचा प्रयत्न केलाय त्यालाच कळते. मी केलाय, छापला नाही, काळजी नसावी.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. परीक्षा आपल्याकडंही होती. पेशवे श्रावणात दक्षिणा वाटायचे, पुण्यात पर्वतीच्या पायथ्याला रमण्यात ब्राह्मण जमायचे, शास्त्र्यांची परीक्षा होऊन योग्यतेप्रमाणं रक्कम ठरायची. पेशवाई गेल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ला पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पण ती दक्षिणा घेऊन शास्त्री परत आपल्या गावी जायचा, मामलेदार व्हायचा नाही. राज्य चालवायचा तो कारकून, मोडी वळणदार आणि हिशोब पक्का असलेला, घरात नाहीतर दफ्तरात बसून शिकलेला. आपल्याकडं शास्त्री वेगळा आणि कारकून वेगळा. तिकडं दोघं एकच. ज्याला कन्फ्यूशियस पाठ तोच जिल्ह्याचा न्यायनिवाडा करणार, सारा गोळा करणार, आणि संध्याकाळी कविताही लिहिणार. हे एकदा लक्षात घेतलं तर तिकडची साहित्य संस्कृती अशी का झाली ते उलगडतं असं मला वाटतं.

आणि चिनी शिकलेला मराठी माणूस म्हणजे नवल नव्हे. फर्ग्युसनमधले पु. वि. बापट पाली ग्रंथ चिनी भाषांतराशी ताडून बघायचे. तेव्हा नेट सुद्धा नव्हतं, दोन्ही अर्थांनी.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

मास्तर, शास्त्री वेगळा कारकून वेगळा हे मी वहीत लिहून घेतलं. मैनाताई, विषय नाहीच आहे हे वाक्य लागलं जरा, पण बरोबर आहे. मोडीचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडं, ते असं कामाला येईल वाटलं नव्हतं.

एक शंका. मी जिथं वाचतो तिथं सगळे मोठे लोकच येतात, वांग यांगमिंग, गू यानवू, दाई झेन. त्यांच्यावर इंग्रजीत ढिगानं लिहून झालंय. मी नवीन काय सांगणार?

तांबडा_रस्सा_९६

माझ्या गाईडाच्या प्रश्नाचं काय झालं? मैनाताई तेवढं सोडून समद्यांना उत्तर दिलंसा.

गडहिंग्लजची_मैना

राहिलं खरं. आणि गंमत बघा, शाहूपुरीकर, तुमच्या शंकेचं उत्तर रस्सावाल्यांच्या प्रश्नातच आहे.

वयाची अट नव्हती. आजोबा आणि नातू एकाच वर्षी बसल्याच्या गोष्टी आहेत. पहिली पायरी ओलांडली की शेंगयुआन, त्याला लोक श्यूत्साय म्हणायचे, वेठबिगार माफ, न्यायाधीश सहजासहजी फटके मारू शकत नाही, पण नोकरी नाही. पुढं दर तीन वर्षांनी प्रांताची परीक्षा, ती पास झाला की ज्यूरेन, मग राजधानीतली पास झाला की जिनशी. प्रांताच्या परीक्षेत शंभरात एक-दोन निघायचे. नानजिंगच्या परीक्षा आवारात शेवटी शेवटी २० हजारांवर खोल्या होत्या, खोली म्हणजे तीन बाजूंनी विटा आणि दोन फळ्या, दिवसा एक फळी बाक आणि एक टेबल, रात्री दोन्ही जोडून झोपा, पाय दुमडून. उमेदवार काळ्या शाईत लिहायचा, मग कारकून अख्खा पेपर लाल शाईत उतरवून काढायचे, परीक्षकाकडं जायची ती लाल प्रत, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून. आपल्याकडं बारकोड लावतात, तिथं दुसऱ्यानं पूर्ण पेपर परत लिहायचा!

आता गाईडं. होती म्हणजे काय, पुस्तकांचा धंदा त्यावर चालायचा. १६व्या शतकाच्या शेवटापासून फुजियानमधलं जियानयांग, नानजिंग, सूझौ इथं ठोकळ्यांवर छापलेली पुस्तकं स्वस्त झाली आणि पास झालेल्यांचे निबंध निवडून, शेरे मारून छापायचे संग्रह धडाधड निघू लागले. यातलं एखादं पान बघा, मुद्दाम शोधून बघा. मजकुराच्या उभ्या ओळी, चांगल्या वाक्याशेजारी शब्दाशब्दाला गोल, त्याहून कमी चांगल्याला ठिपके, वरच्या समासात बारीक अक्षरात शेरा, इथं वळण छान घेतलं, हा शब्द मेन्शियसमधल्या अमक्या ठिकाणचा. म्हणजे संपादक वाचणाऱ्याचा हात धरून वाचून दाखवतोय. हीच गोल आणि ठिपक्यांची सवय मग कादंबऱ्यांच्या छापील प्रतीत गेली. तुम्हाला साहित्य संस्कृती हवी ना? ती इथं आहे, त्या समासात.

तुमच्या त्या वू जिंगझीच्या कादंबरीतही असा एक गाईडवाला आहे, मा चुनशांग. भला माणूस. हांगझौच्या पश्चिम सरोवरावर जातो, ज्यावर हजार वर्षं कवी लिहून थकले, आणि याला दिसतं काय तर दुकानातलं मटण, मासे, शेवया. खिशात पैसे थोडे, म्हणून स्वस्तातलं खातो, चहा पितो, घरी येतो. कवितेची एक ओळ सुचत नाही. वाचताना हसू येतं आणि नंतर वाईट वाटतं.

पण खराखुरा गाईडवाला बघायचा तर लू लिउल्यांग. १६२९ ते १६८३, झेजियांगचा. मिंग राजवट पडली तेव्हा पोरगा होता, पुढं मांचूंच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या चिंग घराण्याच्या, राज्यात परीक्षा दिली, शेंगयुआन झाला, आणि मग १६६६ला ती पदवी स्वतःहून टाकली. पोटासाठी काय केलं, तर परीक्षेच्या निबंधांचे संग्रह शेरे मारून छापले. तुफान खपले. विचार करा, ज्या सरकारची नोकरी नको त्याच सरकारच्या परीक्षेची गाईडं. आणि त्या शेऱ्यांत, मेन्शियसच्या आडून, परक्या राजवटीबद्दलचं मत हळूच पेरलेलं.

तो मेला. चाळीसेक वर्षांनी हुनानमधला एक गावमास्तर, झंग जिंग, परीक्षेत अडकलेला, त्याच्या हातात हा संग्रह आला. त्यानं ते शेरे इतके मनावर घेतले की १७२८ साली सेनापती युए झोंगचीला पत्र पाठवलं, बंड करा म्हणून. सेनापतीनं पत्र सरळ वर कळवलं. योंगझेंग सम्राटानं मग काय करावं? झंग जिंगला माफी! त्याच्याशी सवालजवाब केले, ते छापून राज्यभर शाळांत वाटले. शिक्षा कुणाला, तर गाईडवाल्याला, जो मरून जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती, त्याचं प्रेत उकरून विटंबना केली, घरच्यांना शिक्षा. पुढं १७३५ला योंगझेंगचा मुलगा चियेनलोंग गादीवर आला, त्यानं झंग जिंगला मारलं आणि बापानं छापलेलं ते पुस्तकसुद्धा परत मागवून बंदी घातली.

एका गाईडपायी.

लू लिउल्यांगच्या खटल्यावर इंग्रजीत चांगलं काम आहे, म्हणून खटला घेऊ नका. शेरे घ्या. त्याच्या एका संग्रहातले समासातले शेरे आणि त्याच निबंधावरचे दुसऱ्या दोन संपादकांचे शेरे शेजारी ठेवून वाचा. हे परवडणारं काम आहे, आणि त्याला भाषा यावीच लागते, म्हणून कोणी सहज करत नाही.

निवृत्त_मास्तर_मंगळवारपेठ

अहाहा. आमच्याकडं कारकुनांचं गाईड म्हणजे मेस्तक, हेमाडपंतांच्या नावावर चालणारं, पत्राचा मायना कुणाला कसा लिहावा, हिशोब कसा मांडावा. शास्त्र्याला टीका आणि कारकुनाला मेस्तक. परत तेच, दोन माणसं, दोन पुस्तकं. शाहूपुरीकर, हे एक प्रकरण तुम्हाला तुलनेसाठी आयतं मिळालं, आणि त्यासाठी दिल्लीला जायला नको.

पंचगंगा_पूर_१९

मी आधीचं मागं घेतो. पण एक विचारतो, बायका कुठं यात? परीक्षा पुरुषांची, गाईडं पुरुषांची.

गडहिंग्लजची_मैना

चांगला प्रश्न, पुराचं पाणी उतरलेलं दिसतंय. बायकांना परीक्षा नव्हती पण मुलांना पहिली अक्षरं आणि पहिले ग्रंथ घरात बरेचदा आईच शिकवायची, म्हणून चांगल्या घरांत मुली शिकायच्या आणि कविता लिहायच्या. मिंग-चिंगमधल्या तीन हजारांवर लेखिकांची नावं मिळतात. मास्तरांनी युआन मेई सांगितला, त्यानं १७९६ला शिष्यांच्या कवितांचा संग्रह छापला तर झांग श्यूएचेंग नावाच्या इतिहासकारानं त्याच्यावर तोंडसुख घेतलं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठानं या बायकांच्या मूळ पुस्तकांची पानं नेटवर ठेवलीत. तो वेगळा विषय, आणि माझं मत विचाराल तर जास्त चांगला, पण शाहूपुरीकरांना लेप मागणारा सासरा आवडलाय, आवड बदलता येत नाही.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

सगळ्यांचे लई आभार. रात्री दोनला वाचतोय हे. शेऱ्यांचं पक्कं. लेगची पीडीएफ उतरवली, पहिल्या चार ओळी वहीत काढल्या, एका अक्षराला रेघा किती ते मोजण्यातच अर्धा तास गेला. मार्गदर्शकासाठी दिल्लीच्या दोन विभागांना मेल टाकणार, मसुदा इथं टाकला तर बघाल का? वडिलांना उसाचं बिल जमा झालं की सांगतो, तेव्हा मूड बरा असतो.

मैनाताई, फू सोंगलिंगवर प्रत्येक जण येतो म्हणालात आणि मग त्याला सोडूनच दिलंत.

गडहिंग्लजची_मैना

मेल टाका इथं, बघते. विषयाच्या ओळीत चीन एवढंच लिहू नका म्हणजे झालं.

फू सोंगलिंग, १६४० ते १७१५, शानदोंगचा. १९व्या वर्षी शेंगयुआन, तोही पहिला नंबर. मग आयुष्यभर ज्यूरेन झालाच नाही. १६८७ला तर लिहायच्या भरात एक पान कोरं सोडून पुढच्या पानावर गेला आणि तेवढ्यावर बाद. लोकांच्या घरी मुलं शिकवून पोट भरलं आणि भुताखेतांच्या, कोल्हिणींच्या जवळजवळ पाचशे गोष्टी लिहिल्या. छापल्या गेल्या त्या तो गेल्यावर, १७६६ला. त्यातल्या एका गोष्टीच्या शेवटी त्यानं उमेदवाराला सात उपमा दिल्यात.

तांबडा_रस्सा_९६

पान कोरं सोडलं म्हंजे आमच्यातला त्यो ओएमआरचा गोल एक घर खाली भरलेला गडी. ताई त्या सात उपमा टाका की. अभ्यासिकेत भिंतीला चिकटवतो.

गडहिंग्लजची_मैना

घाईत केलंय, मूळ याहून आटोपशीर आहे. श्यूत्साय परीक्षेला जातो तेव्हा :

आत शिरताना अनवाणी, हातात टोपली, जसा भिकारी. नाव पुकारतात, साहेब खेकसतो, शिपाई शिव्या देतो, जसा कैदी. खोलीत गेला की प्रत्येक भोकातनं एक डोकं आणि प्रत्येक खोलीतनं दोन पाय बाहेर, जशा थंडीनं गारठलेल्या मधमाश्या पोळ्यात. बाहेर पडतो तेव्हा डोकं सुन्न, आभाळाचा रंग वेगळाच, जसा पिंजऱ्यातनं सुटलेला आजारी पक्षी. निकालाची वाट बघताना पान हललं तरी दचकतो, घटकेत महाल बांधतो घटकेत स्वतःचं मढं बघतो, जसं दोरीला बांधलेलं माकड. यादीत नाव नाही कळल्यावर चेहरा उतरतो, ढोसलं तरी हलत नाही, जशी विष खाल्लेली माशी. मग पुस्तकं जाळतो, लेखणी मोडतो, परत जो कोणी निबंधाचं नाव काढेल त्याला हाकलून देईन म्हणतो. दिवस जातात, राग निवतो, हात परत शिवशिवतो, आणि अंडी फुटलेल्या पारव्यासारखा एकेक काटकी आणून पुन्हा घरटं बांधायला घेतो.

तांबडा_रस्सा_९६

चिकटवलं. शेजारच्यानं वाचलं, कायबी बोलला न्हाय, पेन काढलं आणि सहाव्या उपमेपुढं स्वतःचा सीट नंबर लिवला. मी सातवीपुढं लिवलाय.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

त्या कागदाचा फोटो टाक भावा. समासात शेरे पडायला लागलेत.